तिची चूक तशीच राहू द्या

गेल्या दिवाळीत इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या मुलीने एक जाडजूड पाकीट पाठवलं. आत लिननचा एक तुकडा, लाल सुती दोऱ्याच्या लडी, बोथट टोकाच्या दोन सुया आणि चौकटींच्या कागदावर छापलेला एक नमुना. सोबत चिठ्ठी होती, ‘आई, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणतेस ना? मग हे कर. ब्रिस्टलच्या एका अनाथाश्रमातल्या मुलीने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केलेल्या भरतकामाची ही नक्कल आहे.’

मी खूश झाले. चष्मा पुसला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि पहिली ओळ भरायला घेतलीसुद्धा. मग शिक्षकी सवयीने सूचनांचा कागद शेवटपर्यंत वाचला. तळाशी दोन वाक्यं होती. पहिलं, मूळ कामातल्या चुका दुरुस्त करून हा नमुना तयार केला आहे. आणि दुसरं, खालच्या कोपऱ्यात मूळ मुलीची आद्याक्षरं होती, तिथे आपण आपली घालावीत.

मी सुई खाली ठेवली. ती पुढे तीन आठवडे उचलली नाही. त्या दोन वाक्यांत असं काय होतं, तेच आज सांगायचं आहे.

इंग्रजीत ज्याला सॅम्प्लर म्हणतात, त्याला आपण नमुनापट म्हणू. छापील नमुन्यांची पुस्तकं दुर्मिळ होती, तेव्हा बायका एखादी वेल, एखादा टाका कुठे पाहिला की कापडाच्या पट्टीवर उतरवून ठेवत. म्हणजे ती सुईने लिहिलेली वहीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक या बाईने केलेला १५९८ सालचा नमुनापट आहे. साल घातलेला हा सर्वांत जुना इंग्रजी नमुनापट मानला जातो. ॲलिस ली नावाच्या मुलीच्या १५९६ मधल्या जन्माची नोंद तिने त्यावर टाक्यांनी करून ठेवली आहे. अमेरिकेत घडलेला सर्वांत जुना ज्ञात नमुनापट लोआरा स्टँडिश या मुलीचा. तो साधारण १६५३ सालचा आणि आज मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या संग्रहालयात आहे.

पुढे अठराव्या शतकात हे काम शाळेत शिरलं. बाराखडी गिरवावी तशी मुलींनी कापडावर मुळाक्षरं, आकडे, एखादं नीतिवचन आणि भोवती वेलीची चौकट भरायची, शेवटी नाव, वय आणि साल. त्यामागे व्यवहार होता. चादरी, टॉवेल, सदरे धुवायला गेले की कुणाचे ते कळावं म्हणून त्यांवर अक्षरं आणि आकडे घालत. क्रॉस स्टिच, म्हणजे एकावर एक फुलीसारखे पडणारे दोन तिरके टाके, याला त्या काळी खूण घालण्याचा टाका असंच म्हणत. मोलकरीण ठेवताना तिला हे येतं का, हे पाहिलं जाई.

ब्रिस्टलचे लाल नमुनापट त्यातलेच. जॉर्ज म्युलर यांनी १८३६ साली तिथे अनाथ मुलांसाठी घर काढलं. १८४९ पासून ॲशली डाउन या टेकडीवर मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. १८७० पर्यंत पाच इमारती आणि दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. मुली मोठ्या झाल्या की बहुतेक घरकामाच्या नोकरीवर जात. जाताना त्यांच्याजवळ दाखवायला काय असे? हे कापड! लाल दोऱ्याने, डोळे दुखावेत इतक्या बारीक टाक्यांत, निरनिराळ्या वळणांची मुळाक्षरं एकाखाली एक भरलेली. थोडक्यात, तो मुलीचा नोकरीचा अर्जच.

अशा जुन्या नमुनापटांच्या हुबेहूब नकला करणाऱ्या बायका आज इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ आहेत. मूळ वस्तू परवडणं कठीण. न्यू जर्सीतल्या मेरी अँट्रिम या मुलीने १८०७ साली केलेला नमुनापट २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलर्सहून अधिक किमतीला गेला. तेव्हा उरते ती नक्कल. ती सोपी आहे असं कुणी समजू नये. इंचाला ३६ धागे असलेलं लिनन घ्यायचं, दोन-दोन धाग्यांवर एक टाका घ्यायचा. म्हणजे इंचात १८ फुल्या, आणि एका चौरस इंचात ३२४! एक धागा मोजायला चुकला की पुढची सगळी ओळ सरकते.

रंगांचा प्रश्न तर आणखी अवघड. उजेडाने पुढची बाजू फिकी पडते. मूळ रंग पाहायचा तर कापड उलटून मागची बाजू बघावी लागते. मग नक्कल कोणत्या रंगात करायची? दोनशे वर्षांनी विटलेल्या, की त्या मुलीने पाहिलेल्या? कुणी नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं दिसेलसं करतं, कुणी झगझगीत रंग घालतं. मला दोन्ही मान्य. काय केलं ते ठाऊक असलं की झालं.

पण चुकांचं तसं नाही. जुन्या नमुनापटांवर चुका जागोजाग दिसतात. वेल कोपऱ्यावर वळताना नीट जुळत नाही. ओळीच्या शेवटी जागा संपते आणि उरलेलं अक्षर वरच्या मोकळ्या जागेत चढवलेलं असतं. (अर्थात चूक कोणती हेही जपून ठरवावं. जुन्या मुळाक्षरांत ‘जे’ आणि ‘यू’ पुष्कळदा नसतात, तो विसर नव्हे. तेव्हा ‘आय’ आणि ‘व्ही’ हीच अक्षरं त्यांचंही काम करत.) जेन बोस्टॉकच्या कापडावर तर एक उसवलेली जागा आहे. तिथे पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती होता, तो कुणीतरी काढून टाकला. चारशे वर्षांनी सुईची भोकं अजून तो हत्ती सांगतात.

हे दुरुस्त करायचं कशाला? दुरुस्त करणारे म्हणतात, आम्हाला घरात सुंदर वस्तू लावायची आहे, संग्रहालय थाटायचं नाही. ती मुलगी तरी मुद्दाम थोडीच चुकली? तिलाही चूक नकोच होती. हे म्हणणं खोटं नाही. पण अक्षरं बाईंनी नेमून दिलेली, वचन धर्मग्रंथातलं, वेल शेजारच्या मुलीच्या कापडावरून घेतलेली. मग त्या कापडावर तिचं स्वतःचं काय होतं? एक नाव आणि दुसरी ती चूक. सूचनांच्या कागदाने नेमक्या त्याच दोन गोष्टी काढून टाकायला सांगितल्या होत्या.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. काहीजणी विचारतात, लहान मुलींना तासन्‌तास मान मोडून बसवून गप्प राहायला शिकवणारं हे काम, त्याची हौसेने नक्कल कसली करता? रोझिका पार्कर यांनी १९८४ साली ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या पुस्तकात हेच तपासलं. भरतकामाने बायकांना आज्ञाधारक बनवलं, पण त्याच सुईने त्यांना बोलण्याची एक जागाही मिळाली, असं त्यांनी मांडलं. मला त्या दोन्ही बाजू एलिझाबेथ पार्करच्या कापडावर दिसतात.

ही १८१३ साली जन्मलेली ससेक्समधली मजुराची मुलगी, तेराव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला. साधारण १८३० साली तिने लिननवर लाल दोऱ्याने आपली कहाणी भरली. ना वेल, ना चौकट, ना फुलं. मला लिहिता येत नाही म्हणून हे असं सांगते, अशी सुरुवात करून मालकाने केलेला छळ, मनात आलेला जीव देण्याचा विचार, त्याबद्दलचा पश्चात्ताप हे सगळं तिने टाक्या-टाक्याने मांडलं आहे. शेवटी माझ्या आत्म्याचं काय होणार, असं विचारते आणि तिथेच, वाक्य अर्धं असतानाच, कापड कोरं राहतं. पुढे ती सावरली. गावात शिक्षिका झाली आणि १८८९ पर्यंत जगली, हे अभ्यासकांनी शोधून काढलं आहे. तरी ते वाक्य अर्धंच राहिलं. तिची नक्कल करताना कुणी ते पूर्ण करायला धजेल का? मग ब्रिस्टलच्या मुलीचं एक गाळलेलं अक्षर तरी भरणाऱ्या आपण कोण?

हे एवढ्या तावातावाने लिहिते आहे, त्याला घरचं कारण आहे.

आपल्याकडेही शाळेत शिवणाचा तास असे. धावदोरा, उलटी टीप, साखळी, गाठीचा टाका, काजं, सगळं एकेका चौकोनी तुकड्यावर करून वहीत चिकटवायचं. ती वही म्हणजे आमचा नमुनापटच. आणि दोसुतीवर क्रॉस स्टिच केलेली एखादी फ्रेम तर कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होती. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत दारासमोरच आईने केलेली फ्रेम लागलेली असे. पोपटांची जोडी आणि खाली ‘सुस्वागतम’. त्यातल्या एका पोपटाचा पंख आणि शेपूट वेगळ्याच, फिक्या हिरव्या रंगात होतं.

१९८६ साली मला बघायला पाहुणे यायचे होते. मी कॉलेजात, नको तितकी टापटिपीची. तो फिका पंख मला डाचत होता. आदल्या दिवशी फ्रेम उघडली, पंख आणि शेपूट उसवलं, जुळणाऱ्या हिरव्या दोऱ्याची लडी आणून रात्री जागून भरून टाकलं. आई बघत होती. ‘बरं दिसतंय,’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फ्रेमचं कौतुक केलं, तेव्हा तीच पुढे होऊन म्हणाली, ‘हे हिनेच केलंय.’ मी मान खाली घालून बसले. लोकांना तो विनय वाटला असेल!

आई गेल्यावर मावशीशी बोलताना विषय निघाला. मावशी म्हणाली, ‘अगं, ती फ्रेम संपाच्या वर्षातली. दोरा संपला आणि दुसरी लडी आणायला पैसे नव्हते. माझ्याकडचा उरलेला दोरा तिने नेला.’ १९८२ चा गिरणी संप. बाबा घरी बसलेले, संप लांबत चाललेला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, मला कळायला हवं होतं. त्या फिक्या पंखात आमच्या घरचं ते वर्ष होतं. त्यात आईचा हट्ट होता, की पैसे नसले तरी पोपट अर्धा राहणार नाही. ते मी उसवून केरात टाकलं. आणि वर तिचं काम माझ्या नावावर लागलं.

म्हणून त्या कागदावरच्या दोन सूचना वाचून माझा हात थांबला. हे दोन्ही अपराध मी आधीच केलेले होते.

मुलीला फोन केला. म्हटलं, नमुना विकणाऱ्यांकडून मूळ कापडाचा फोटो मिळतो का बघ. ‘अगं आई, एका अक्षरासाठी?’ ती हसली, पण तिने मागवला. ब्रिस्टलच्या त्या मुलीने तिसऱ्या ओळीत एक अक्षर गाळलं होतं आणि उजव्या कोपऱ्यातली चौकट दोन टाक्यांनी चुकली होती. मी ते अक्षर गाळलं. चौकट दोन टाक्यांनी चुकवली. खरं सांगते, बरोबर करण्यापेक्षा ते कठीण गेलं, हात सारखा सुधारायला धावत होता. कोपऱ्यात तिची आद्याक्षरं घातली. माझं नाव आणि साल कापडाच्या मागच्या बाजूला, लहान अक्षरांत.

नंतर भावाकडे जाऊन आईची फ्रेम उतरवली. पाठीमागचा पुठ्ठा काढला. माझ्या त्या वेळच्या घाईत उसवताना फिक्या हिरव्या दोऱ्याचं एक बोटभर टोक मागे राहून गेलं होतं. रंग जसाच्या तसा. पुढची बाजू आता बदलता येणार नाही. मी एका कागदावर आईचं नाव, १९८२ हे साल आणि त्या दोऱ्याची हकिकत लिहिली आणि पुठ्ठ्याच्या आत ठेवून दिली.

आज रविवार आहे. तुमच्याही घरात माळ्यावर किंवा ट्रंकेत एखादं तोरण, एखादी दोसुतीची फ्रेम, उशीचा एखादा अभ्रा असेल. तो कुणी केला, केव्हा केला, हे सांगणारं कुणी घरात असेल तर आजच विचारून घ्या. नाव मागे लिहून ठेवा. त्यात एखादं फूल वाकडं असेल, रंग चुकला असेल, तर कृपा करून सुधारू नका. तो का चुकला, तेही विचारा.