चूल वेगळी, घर एकच

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात हिंगोलीहून एका भगिनीचं पत्र आलं. पत्रासोबत लाईट बिलाची झेरॉक्स होती, आणि बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली बेरीज दोनदा खोडलेली. त्या लिहितात :

"ताई, माझ्या आईचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिने मी वसमतला माहेरी होते. मुलगी शाळेसाठी इथंच, आजीजवळ. पण सासूबाईंना दुपारी देवळात जायची सवय आणि हे सकाळीच कामावर जातात, त्यामुळं दिवसा दाराला कुलूप. मी परत आले अन् तिसऱ्या महिन्याचं बिल हातात पडलं, ते एकदम ३३० युनिटचं! मुलीच्या फीसाठी डब्यात ठेवलेले पैसे त्यात गेले. हे म्हणाले, 'तू आलीस अन् मिक्सर, इस्त्री सुरू झाली.' सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दिवा लावला की माझ्याकडं बघतात. मी म्हटलं, ऑफिसात जाऊन विचारते. तर हे म्हणाले, 'सरकारी काम आहे, कोण ऐकणार?' शेजारच्या काकू म्हणाल्या, 'ते सरकारी राहिलंय कुठं, कंपनी झाली आता. कंपनीशी कोण भांडणार?' ताई, सरकारी असलं तरी बोलायचं नाही अन् कंपनी असली तरी बोलायचं नाही, मग विचारायचं कुणाला? वर मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन चार वर्षं झाली."

भगिनी, तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. आधी त्याचंच उत्तर देते, मग बिलाकडे वळू.

तुमचे यजमानही बरोबर आणि काकूही बरोबर. आपल्याकडे काही कामं सरकार खात्यामार्फत स्वतः करतं, उदाहरणार्थ तहसील किंवा पोलीस. काही कामांसाठी मात्र सरकार महामंडळ, मंडळ किंवा कंपनी उभी करतं. मालक सरकारच, पण हिशेब वेगळा, नोकरवर्ग वेगळा, रोजचे निर्णय तिथल्या तिथे. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेची चूल वेगळी करून देतात ना, तसंच हे. पीठ-मीठ तिनं बघायचं, पण घराचं छप्पर एकच, आणि मोठ्या खर्चाला सासऱ्यांना विचारावंच लागतं. याला निमसरकारी म्हणतात.

विजेचंच बघा. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. म्हणून तर आपल्या तोंडी अजून 'बोर्ड' आणि 'एमएसईबी' आहे. पुढे २००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन झालं. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या तारांवरून वाहून आणणारी महापारेषण, आणि तुमच्या-माझ्या घरी पोचवून बिल देणारी महावितरण. या तिघींवर एक सूत्रधारी कंपनी. सगळ्यांची मालकी राज्य सरकारकडे. तुमच्या जिल्ह्याला महावितरणचं नांदेड परिमंडळ लागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. विजेचा दर महावितरण स्वतःच्या मनानं ठरवत नाही. तो ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. १९९९ साली हा आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन तुमचा हिंगोली जिल्हा झाला, म्हणजे दोघं एका वयाचे. विकणाऱ्याच्या हातात तराजू आणि भाव दोन्ही नकोत, म्हणून ही सोय. तेव्हा 'दर फार आहे' हे गाऱ्हाणं लाईनमनला सांगून उपयोग नाही, त्या बिचाऱ्याच्या हाती काही नसतं. पण 'माझं बिल असं कसं आलं' हे विचारायची जागा मात्र महावितरणचं स्थानिक कार्यालयच.

एसटीचंही असंच. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. हिंगोली, कळमनुरी आणि वसमतची आगारं परभणी विभागात येतात. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. ती सवलत सरकारनं दिली आणि तिची भरपाई सरकार महामंडळाला देतं. गाडी मात्र महामंडळाची. म्हणून गाडी वेळेवर सुटत नसेल तर आगार व्यवस्थापकांना भेटायचं, आणि सवलतीविषयी म्हणणं असेल तर ते सरकारपर्यंत, म्हणजे आपल्या आमदारांपर्यंत न्यायचं. आपल्या बचत गटांमागे उभं असलेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं 'माविम', हेही १९७५ सालचं असंच एक सरकारी महामंडळ. कुठली चूल कुणाची, एवढं कळलं की निम्मे हेलपाटे वाचतात.

आता तुमचं बिल. मी चष्मा लावून नीट पाहिलं.

लाईट बिल आलं की आपण थेट रुपयांचा आकडा बघतो आणि कपाळाला हात लावतो. यापुढे आधी रीडिंगची ओळ बघा. तिथे चालू रीडिंग असतं आणि मागील रीडिंग असतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे युनिट. तुमच्या बिलावर मागील रीडिंग ४२१० आणि चालू ४५४० आहे. वजाबाकी ३३०. पण हे मागील रीडिंग कधीचं? तुम्ही माहेरी जायच्या आधीचं! मधले दोन महिने दाराला कुलूप आणि तुमचं मीटर आत ओट्यावर. रीडिंग घेणाऱ्याला आकडा दिसलाच नाही, म्हणून ती दोन बिलं सरासरीनं आली. यजमानांनी ती कमी आली म्हणून आनंदानं भरून टाकली असतील. तिसऱ्या महिन्यात दार उघडं मिळालं आणि तिन्ही महिन्यांचे युनिट एकदम दिसले.

म्हणजे ३३० ला तीनानं भागा. महिन्याला ११०. भगिनी, तुमचं घर एरवीही एवढीच वीज वापरतं. तुमच्या मिक्सरनं आणि इस्त्रीनं काही केलेलं नाही. हा भागाकार यजमानांसमोर पाटीवर करून दाखवा, आणि सासूबाईंनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात करा.

अशा वेळी दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, सरासरीनं भरलेले पैसे वजा झालेत का. तुमच्या बिलात ते वजा झालेले दिसतात. दुसरी गोष्ट टप्प्यांची. घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांना दर कमी, पुढच्या ३०० पर्यंत जास्त, त्यापुढे आणखी जास्त. ३३० युनिट एकाच महिन्याचे धरले तर फक्त १०० युनिटांना स्वस्त दर मिळेल. तेच तीन महिन्यांत वाटले तर प्रत्येक महिन्याचे १००, म्हणजे ३०० युनिट स्वस्त दरात बसतात, आणि वरचे फक्त ३० महाग पडतात. केवढा फरक! तुमच्या बिलात ही विभागणी झाली आहे. म्हणजे बिल चुकलेलं नाही, फक्त साचून आलं. पण इतर मैत्रिणींनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर हे दोन प्रश्न जरूर विचारा.

बाकीच्या ओळीही ओळखीच्या करून घ्या. स्थिर आकार हा दिवा लावा न लावा, द्यावाच लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटप्रमाणे. वीज शुल्क मात्र महावितरणचं नव्हे, तो सरकारचा कर.

बिल खरंच चुकलं असेल तर काय करायचं? तोंडी भांडायचं नाही. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, ग्राहक क्रमांक घालायचा, बिलाची झेरॉक्स जोडायची, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे तक्रार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि वकील लावावा लागत नाही. मंचाचा निर्णयही पटला नाही तर विद्युत लोकपाल. आणि बिल थकलं म्हणून उठल्यासुटल्या वीज तोडता येत नाही. कायद्याप्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम एकदम झेपत नसेल तर हप्ते करून मिळावेत अशी विनंतीही अर्जानं करता येते.

राहिला सासऱ्यांच्या नावाचा प्रश्न. त्यावाचून तुमचं तोंड बंद होत नाही. कायद्याच्या व्याख्येत, ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही ग्राहकच. पण नाव बदलून घेतलेलं चांगलं. मृत्यूचा दाखला, घराच्या कराची पावती आणि इतर वारसांची संमती घेऊन कार्यालयात अर्ज करा. आणि एक सुचवू? नाव बदलायचंच आहे तर यजमानांना विचारून बघा, ते तुमच्या नावावर का करू नये? बिल भरायची आठवण तुम्हीच ठेवता ना!

आता घरच्या घरी करायच्या तीन गोष्टी :

दुधाचा हिशेब जिथे लिहिता, त्याच कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा लिहा. एक मिनिटाचं काम आहे.

बाहेरगावी जाताना मीटर दिसेल अशी व्यवस्था करा, शेजारी किल्ली ठेवा, नाहीतर महावितरणच्या मोबाइल ॲपवरून रीडिंगचा फोटो पाठवायला मुलीला शिकवा.

जुनी बिलं भाजीच्या पिशवीत कोंबू नका. निदान दोन वर्षांची एका तारेत ओवून ठेवा.

भगिनी, डब्यातले पैसे गेले याचं वाईट वाटतंच. पण पुढच्या महिन्यात बिल पुन्हा ११० युनिटांच्या आसपास येईल, तेव्हा ते तुम्हीच मोठ्यानं वाचा. आणि ऑफिसात जायची वेळ आलीच तर पदर खोचून नव्हे, कागद घेऊन जा. ते कार्यालय सरकारी म्हणा की कंपनी म्हणा, आपल्यासाठी काढलेलं आहे. चूल वेगळी असली तरी घर आपलंच.

तुमची,
ताई