विश्लेषण : नोंदवहीच बंद पडली, तर सांगणार कोण?

समजा, कोऱ्हाळे बुद्रुकमधल्या किराणा दुकानात ग्राहकाने मोबाइलवरून पैसे पाठवले. त्याच्या खात्यातून वजा झाले, दुकानदाराला मात्र मिळाले नाहीत. बँकेकडे तक्रार गेली की आधी शोध होतो तो 'लॉग'चा, म्हणजे प्रणालीने क्षणाक्षणाला लिहिलेल्या नोंदींचा. नेमकी त्या तासाची पाने कोरी निघाली तर?

या नोंदी लिहिते कोण?

बँकांच्या अनेक प्रणाली जावा भाषेत आहेत. त्यांच्या नोंदी लॉग-फोर-जे, लॉगबॅक अशी तयार साधने लिहितात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-शेल' या त्रुटीमुळे लॉग-फोर-जेचे नाव जगभर झाले होते. ही साधनेही अडतात. डिस्क भरते, फाइलवर लिहिण्याची परवानगी जाते, सेटिंगमध्ये एखादे अक्षर चुकते. ही अडचण त्याच नोंदवहीत लिहिता येत नाही. डीपी जळाल्याची खबर विजेच्या भोंग्यावर कशी देणार? म्हणून लॉग-फोर-जेच्या दुसऱ्या आवृत्तीत 'स्टेटस लॉगर' ही वेगळी वाट ठेवली आहे. वेगळी सूचना नसेल तर ती फक्त चुका सांगते, त्याही 'कन्सोल'वर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू केलेल्या खिडकीत.

मग बिनसते कुठे?

सर्व्हरवरची ती खिडकी पाहायला कोणी बसलेले नसते. काही ठिकाणी तर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच कन्सोलवरचा मजकूर फेकून देण्याची सूचना असते. त्यात लॉग-फोर-जेचा मूळ स्वभाव असा, की नोंद लिहिता आली नाही तर ते स्टेटस लॉगरला कळवायचे आणि मुख्य काम चालू ठेवायचे. ते बरोबरच आहे, नोंदीसाठी ग्राहकांची रांग अडवणे शहाणपणाचे नाही. पण मग बिघाडाचा साक्षीदार तेवढा एकच उरतो आणि त्याचेच तोंड बांधलेले असते. लॉगबॅक सुरुवातीला सेटिंग वाचताना झालेली चूक कन्सोलवर दाखवते. नंतरच्या बिघाडासाठी 'स्टेटस लिसनर' मुद्दाम जोडावा लागतो. जावाची अंगभूत सोय तर पहिली चूक सांगून पुढच्या गिळून टाकते.

'कन्सोलवर कचरा दिसतो' म्हणून स्टेटस लॉगर बंदच करून टाकणे हा निव्वळ आळस आहे. त्याची पातळी 'वॉर्न' ठेवावी आणि मजकूर वेगळ्या फाइलमध्ये वळवावा. ही फाइल दुसऱ्या डिस्कवर हवी, नाहीतर डिस्क भरल्याची तक्रार त्याच भरलेल्या डिस्कवर लिहायची वेळ येईल. फाइलमध्ये ओळ पडली की ड्युटीवरच्या माणसाला एसएमएस जावा. एका दुपारचे काम आहे.

कायद्याचे काय?

'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. फाइली १८० दिवस जपल्या जातीलही. पण लिहिणेच मध्ये थांबले असेल, तर त्या दुकानदाराला बँक काय उत्तर देणार? तपासणीला येणाऱ्यांनी लॉगचे फोल्डर उघडण्याआधी स्टेटस लॉगरचा मजकूर कुठे जातो आणि तो शेवटचा कोणी वाचला, एवढे विचारावे.