दिसण्याआधीचा डाग

कर्करोग म्हटले की डोळ्यांसमोर गाठ येते. जठराच्या कर्करोगाची सुरुवात मात्र बहुतेकदा गाठीने होत नाही. आतल्या अस्तरावर किंचित लालसर किंवा फिकट ठिपका, जराशी खोलगट जागा, मध्येच तुटल्यासारखी एखादी वळी, एवढेच. शेजारी जुन्या जठरदाहाची सूज असेल तर हा डाग तिच्यातच मिसळून जातो आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्या सरावलेल्या डॉक्टरांचीही नजर त्यावरून निसटते. वुहानमधील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हे आकड्यांत दिसले. त्यांनी एकाच रुग्णाची एकाच बैठकीत दोनदा एंडोस्कोपी केली. पहिली फेरी नेहमीच्या पद्धतीने झाली तेव्हा जठरातील संशयास्पद वाढींपैकी २७.३ टक्के निसटल्या. पहिल्या फेरीत संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली तेव्हा हे प्रमाण ६.१ टक्के होते. टेराहर्ट्झ लहरींनी जठराचा कर्करोग लवकर ओळखण्याच्या प्रयत्नांकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

डोळ्याला न दिसणारे दाखवेल अशा साधनाची गरज आहे, यात वाद नाही. २०२२ मध्ये जगभरात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि साडेसहा लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. हाच रोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरात असतानाच सापडला तर उपचारानंतर पाच वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत असतात. जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये याच अवस्थेला ‘सुरुवातीचा जठर-कर्करोग’ असे नाव दिले. त्यातले बरेच डाग आता पोट न फाडता, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीनेच सोलून काढता येतात. स्नायूंचा थर ओलांडून रोग पुढे गेला की चित्र पालटते, आणि दुखणे, उलट्या, वजन घटणे ही लक्षणे बहुधा तेव्हाच सुरू होतात.

टेराहर्ट्झ लहरी सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या पट्ट्यात येतात. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने; अशा लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर असते. हा पट्टा फार काळ ओसाड राहिला. इलेक्ट्रॉनिक मंडले इतक्या वर पोहोचत नव्हती आणि लेसर इतक्या खाली उतरत नव्हते. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस ५ मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग करत होते, ते या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच. पुढे अतिशय कमी काळाच्या लेसर स्पंदांनी ही कोंडी फोडली. १९९५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने या लहरींनी काढलेल्या पहिल्या चित्रांत झाडाचे एक पान होते. ताजे पान आणि दोन दिवसांनी सुकत चाललेले तेच पान यांतला फरक चित्रात स्पष्ट उमटला, कारण टेराहर्ट्झ लहरी पाण्याला विलक्षण संवेदनशील असतात.

वैद्यकशास्त्राला त्यांचा मोह पडला तो याच गुणामुळे. कर्करोगग्रस्त ऊतीत साधारणपणे पाणी अधिक असते, रक्तपुरवठा वाढलेला असतो, पेशींची रचना विस्कटलेली असते. त्यामुळे ती ऊती या लहरी निरोगी ऊतीपेक्षा वेगळ्या प्रकारे शोषते आणि परतवते. शिवाय त्यांची ऊर्जा क्ष-किरणांपेक्षा लाखो पटींनी कमी असल्याने पेशीतील रेणू मोडण्याची भीती नाही. (विमानतळावर प्रवाशांना उभे करून तपासणारी यंत्रे टेराहर्ट्झची आहेत असे सर्रास छापले जाते, त्यांतली बहुतेक त्याहून लांब, मिलिमीटर लहरींवर चालतात.)

जठरापुरते बोलायचे तर सोलमधील योनसेई विद्यापीठाच्या संशोधकांचे २०१५ मधले काम लक्षात घेण्यासारखे आहे. दुर्बिणीतून सोलून काढलेले सुरुवातीच्या कर्करोगाचे आठ ताजे तुकडे त्यांनी घेतले, त्यांच्यावर टेराहर्ट्झ स्पंद सोडले आणि परत आलेल्या स्पंदांवरून चित्र तयार केले. मग सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या रोगाच्या सीमा त्या चित्राशी ताडून पाहिल्या. आठपैकी सहा तुकड्यांत रोगाची जागा चांगली ओळखता आली.

आठपैकी सहा हा आकडा मथळ्यात शोभतो, पण हे तुकडे आले कुठून? ते सगळे आधीच डॉक्टरांच्या नजरेस पडलेले होते, म्हणून तर कापून काढले होते. म्हणजे या प्रयोगाने न दिसणारा कर्करोग शोधला नाही. ठाऊक असलेल्या कर्करोगाची खूण वेगळ्या मार्गाने पटते का, एवढेच तपासले. संशोधनाची पहिली पायरी अशीच असते आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र या पायरीला ‘लवकर निदान’ म्हणणे म्हणजे मुलगा शाळेत जाऊ लागताच त्याला पदवीधर म्हणण्यासारखे आहे.

पुढच्या पायऱ्या अवघडही आहेत. ज्या पाण्यामुळे फरक दिसतो तेच पाणी या लहरी गिळून टाकते. ओल्या ऊतीत त्या मिलिमीटरच्या काही अंशापलीकडे जात नाहीत. डाग पृष्ठभागावर असेल तर तेवढे पुरते. पण सोलून काढायचे की शस्त्रक्रिया करायची हे ठरते ते रोग किती खोल गेला आहे यावरून, आणि तिथे लहर पोहोचत नाही. तुकडा गोठवला तर लहर अधिक खोल जाते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. जिवंत माणसाचे जठर मात्र गोठवता येत नाही. त्यात आम्ल असते, बुळबुळीत स्राव असतो, आणि ते सतत आकुंचन पावत असते. जठरदाहाच्या सुजेतही पाणी वाढते, तेव्हा सूज कुठली आणि रोग कुठला हे पुन्हा ओळखावेच लागेल. दृश्य प्रकाश काचेच्या तंतूतून दुर्बिणीच्या टोकापर्यंत सहज नेता येतो. टेराहर्ट्झ लहरीसाठी तितका लवचीक आणि गळती नसलेला तंतू सहजी मिळत नाही. म्हणून लेसरचा प्रकाश तंतूतून आत नेऊन टेराहर्ट्झ लहर टोकाशीच निर्माण करण्याची युक्ती काढली गेली. काही मिलिमीटर जाडीचे असे टोक कोरियातच २००९ मध्ये तयार झाले. त्यानंतरचा रस्ता किती लांब निघाला, हे २०१५ चे काम कापलेल्या तुकड्यांवर झाले यावरूनच समजते.

त्यामुळे या तंत्राचा जवळचा उपयोग बहुधा कर्करोग शोधण्यापेक्षा त्याची हद्द आखण्याचा ठरेल. कापलेल्या तुकड्याच्या कडेला रोग उरला आहे का, हे पॅथॉलॉजीचा अहवाल येण्याआधीच, शस्त्रक्रियेच्या खोलीत कळले तर दुसऱ्यांदा कापण्याची वेळ टळेल. स्तनाच्या कर्करोगात याच हेतूने वीस वर्षांपासून प्रयत्न चालू आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही टेराहर्ट्झ लहरींवर अनेक वर्षे काम होत आहे. अशा प्रयोगशाळा आणि कर्करोग रुग्णालये एकत्र येण्यासाठी पैसा मिळायलाच हवा.

पण पूर्व आशियात जठराचा कर्करोग लवकर सापडू लागला तो अशा कुठल्या लहरीमुळे नव्हे. जपानमध्ये १९५० साली पोटात सोडायचा छोटा कॅमेरा तयार झाला, साठच्या दशकात बेरियम पाजून क्ष-किरण चित्रे काढणाऱ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या आणि २०१६ पासून तिथल्या मार्गदर्शक सूचनांत पन्नाशीपुढच्यांसाठी दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीचा पर्याय आला. दक्षिण कोरियात चाळिशीपासूनच दर दोन वर्षांनी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात होते. जोडीला हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवरचा उपचार आहे. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांनी हा जिवाणू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला होता. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले. जठराच्या बहुतेक कर्करोगांच्या मुळाशी हाच जिवाणू असतो, आणि त्यावरची औषधे जुनी व स्वस्त आहेत.

भारतात हा जिवाणू कोट्यवधींच्या पोटात आहे, तरी जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो. त्यामुळे महाराष्ट्रात सरसकट प्रत्येकाच्या पोटात दुर्बीण घालण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. मिझोरमची गोष्ट वेगळी. देशात जठराच्या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या भागांत ऐझॉल येते. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेले ‘तुइबुर’, डुकराच्या चरबीपासून आंबवलेले ‘सा-उम’ आणि धुरावलेले मांस यांच्याशी तिथल्या अभ्यासांनी त्याचा संबंध जोडला आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांची. निदान मिझोरमपुरती तरी त्यात जठराची भर का पडू नये, याचे उत्तर आरोग्य मंत्रालयाने द्यायला हवे. त्यासाठी टेराहर्ट्झची वाट पाहण्याचे कारण नाही.

उरलेल्या महाराष्ट्रासाठी, खरे तर उरलेल्या देशासाठी, अडचण आणखी साधी आहे. छातीत जळजळले की ‘पित्त झाले’ म्हणायचे आणि औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणायची, ही घरोघरची रीत. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्या चांगल्या आहेत, पण जठरातल्या कर्करोगाची लक्षणेही त्या काही काळ दाबून ठेवू शकतात. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले आणि हटत नसलेले अपचन, कारण नसताना घटणारे वजन, दोन घासांतच पोट भरणे, गिळताना अडकणे, डांबरासारखे काळे शौच, रक्त कमी होणे यांपैकी काहीही असेल तर गोळ्यांची पुढची पट्टी घेण्याआधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला हवी. तिला साधारण पाच-दहा मिनिटे लागतात, आणि संशयास्पद डाग दिसला तर त्याच वेळी तुकडाही काढून घेता येतो.