गार पाण्याला नशीब म्हणू नका

गच्चीवरच्या सोलरची टाकी वॉरंटीच्या मुदतीतच गळू लागते. कंपनीचा माणूस येतो, वाकून पाहतो आणि सांगतो, “पाणी जड आहे तुमचं, वॉरंटीत बसत नाही.” आणि आपण गप्प बसतो! मुकाट्याने गीझर लावतो, विजेचं बिल भरत राहतो. का?

बोअरचं पाणी विक्रीच्या दिवशीही जडच होतं. जागा पाहायला आलेल्या विक्रेत्याने ते तपासलं का? पैसे घेताना ही अट सांगितली का? नसेल, तर दोष तुमच्या बोअरवेलवर ढकलता येणार नाही. आणि टाकी क्षारांनी गेली की पत्राच हलका होता, याचा निवाडा कंपनीच्या माणसाने करायचा नाही. ग्राहक आयोग ती प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. म्हणून गळकी टाकी भंगारवाल्याला देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने उभा आहे. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. “पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो” असं फोनवर ऐकत राहाल, तर ही दोन वर्षं तशीच सरतील. जे सांगायचं ते लेखी सांगा, तारीख घालून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद करा.

नव्या इमारतींत तर खालच्या मजल्यावर बादली भरते तरी गरम पाणी येत नाही, आणि रहिवासी एकमेकांशीच भांडतात. अहो, जाब बिल्डरला विचारा! माहितीपत्रकात सोलर दाखवूनच त्याने फ्लॅट विकले ना? ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करणं ‘रेरा’ या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने टाळलं, तर त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाचं, महारेराचं दार ठोठावा. एकेकट्याने नको, सगळे मिळून जा.

ग्राहक आयोगाचा आदेश धुडकावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. आता ते तुम्हालाही ठाऊक आहे. या रविवारी गच्चीवर जा, टाकीचे आणि तिच्यावरच्या क्रमांकाचे फोटो काढा, बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा आणि सोमवारी नोटीस स्पीड पोस्टाने धाडा.