चाकांवरचं घर आणि भाड्याचा हिशोब

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. गुडघे आणि वीज, दोन्ही साथ देत नव्हते.

तर झालं असं, की आमचा पुण्याचा पुतण्या परवा नांदेडला आला आणि जेवता जेवता म्हणाला, "काका, मी फ्लॅट सोडतोय. २० लाखांची गाडी घेतो, आत पलंग, ओटा बसवून घेतो आणि त्यातच राहतो. महिन्याचं १८ हजार भाडं वाचलं!" अमेरिकेत म्हणे लोक वर्षानुवर्षं असे राहतात. काकूनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. मी कागद-पेन्सिल घेतली (सवय जात नाही).

इन्कमटॅक्सवाले मोटारीचा घसारा वर्षाला १५ टक्के धरतात. २० लाखांवर पहिल्याच वर्षी ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. महिन्याला हजार किलोमीटर फिरला आणि गाडीनं लिटरला दहा दिले, तर १०० लिटर डिझेल. नव्वदचा भाव धरला तरी ९ हजार. विमा, टायर वेगळे. पुढं घसारा कमी होतो, कबूल. पण तोवर दुरुस्ती वाढते. "जुनी घेईन," म्हणाला. घे बाबा, मग घरमालकाऐवजी गॅरेजवाल्याला दे.

पण हे झालं गणित. मला राग आला तो "भाडं नाही म्हणजे बचत" या वाक्याचा. तसं असतं तर आमचे ऊसतोड मजूर मराठवाड्यातले सगळ्यांत श्रीमंत लोक असते!

मुखेड तालुक्यात मी बरीच वर्षं मास्तरकी केली. दिवाळी झाली की वर्गातल्या बस्करपट्ट्या रिकाम्या व्हायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, भांडीकुंडी, पोरं, शेळी सगळं ट्रॅक्टरवर नाहीतर टायरगाडीवर टाकायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहायचं. एका वर्षी पाचवीतल्या एका हुशार पोराला शोधत मी कारखान्याच्या अड्ड्यावर गेलो. त्याचा बाप म्हणाला, "गुरुजी, जागेचं भाडं न्हाई, पर बाकी समदं इकत. जळण इकत, पीठ इकत, दवाखाना इकत. गावाकडं कुणी उसनं तरी देतंय." हंगाम संपला तेव्हा उचल फिटली नव्हती, ती पुढच्या वर्षावर गेली. पोरगा सातवीत आलाच नाही. सरकारनं आधी कारखान्यांवर साखरशाळा काढल्या आणि नंतर गावातच हंगामी वसतिगृहं. म्हणजे काय, तर पोराला एका जागी राहणारं छप्पर लागतं, हे सरकारलाही कळलं.

"काका, ते मजबुरीनं राहतात, मी हौसेनं राहणार." बरोबर आहे. मग हौस म्हण, मी गप्प बसतो. बचत म्हणू नकोस.

शिवाय घर नसलेल्याकडं आपण कसं पाहतो? १८७१च्या कायद्यानं कित्येक फिरस्त्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ला गेला, नजर गेली नाही. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर काठी वाजेल, तेव्हा पुतण्याला त्यातलं थोडंसं कळेल. (थोडंसंच. त्याची गाडी २० लाखांची असेल.) राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅरव्हॅनचं धोरण आणलं, तेही पर्यटनासाठी; कायम राहण्यासाठी नव्हे.

त्याचा एक मुद्दा मात्र मला अडवून गेला. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. "तेव्हा माझ्याकडं गाडी असती तर चावी फिरवून पाण्याकडं गेलो असतो," म्हणाला. खरं आहे. माझ्या लातूरच्या बहिणीला नाही जाता आलं. पण तो गेला असता कुठं? कुणाच्या तरी दारातल्या नळावरच ना? तिथलं पाणी, तिथला संडास, तिथली वीज कुणाच्या तरी भाड्यात, घरपट्टीत आलेलीच असते.

आणि हे मी हवेत बोलत नाही. जाताना म्हणाला, "काका, आधारवर तुमचाच पत्ता टाकतो, बँकेची पत्रंही इथंच येतील." शिवाय पुस्तकांच्या तीन पेट्या, लग्नातली भांडी आणि एक कपाट आमच्या मागच्या खोलीत ठेवून गेला. घरपट्टीची पावती मी जपून ठेवली आहे. दिवाळीला येशील तेव्हा कपाट तेवढं घेऊन जा रे, गाडीत बसलं तर.