रूममेट हवा, मुदत तीस वर्षं

बाल्कनीतल्या कुंड्यांवर मागे लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या मेल्समध्ये एक प्रश्न तिघांनी विचारला. कुत्र्याला वेळ द्यायला जमत नाही, मांजर घरमालकाला चालत नाही, मासे आठवड्याभरात बोअर होतात, तर मग कासव कसं राहील? तिघंही आयटीतले, तिघंही भाड्याच्या घरात. आणि तिघांनाही अ‍ॅक्वेरियमवाल्याने एकच वाक्य ऐकवलेलं : ‘याला काही करावं लागत नाही.’

मंडळी, या वाक्यावर माझा खूप राग आहे. कारण गेली दोन वर्षं आमच्या कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये मी, माझी रूममेट आणि बंड्या असे तिघं राहतोय आणि तिघांत सगळ्यात जास्त ‘करावं लागतं’ ते बंड्याचंच!

आधी ओळख करून देते. दुकानात प्लॅस्टिकच्या घमेल्यात जी दहा रुपयांच्या नाण्याएवढी, हिरवीगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली पिल्लं वळवळत असतात ना, ती रेड-इअर्ड स्लायडर. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. पिल्लाची जोडी घेतलीत तर वीकेंडच्या एका पिझ्झ्याएवढा खर्च. सोबत एक प्लॅस्टिकचं भांडं, त्यात मधोमध एक बेट आणि बेटावर प्लॅस्टिकचंच नारळाचं झाड. क्यूट आहे, मान्य. पण हे पिल्लू काही वर्षांत बशीएवढं होतं आणि मादी असेल तर पाठ दहा-अकरा इंचांपर्यंत जाते, म्हणजे आपलं जेवणाचं ताट. नर थोडा लहान, सात-आठ इंचांचा. नीट सांभाळलं तर आयुष्य वीस-तीस वर्षं, कधी त्याहून जास्त. तुमच्या होमलोनपेक्षा मोठी मुदत! आज घेतलेलं पिल्लू तुमच्या मुलांच्या दहावीचे पेढे खायला हजर असेल. (पेढे देऊ नका.)

यातला एक विनोद मला फार आवडतो. लहान मुलं ही इवली कासवं तोंडात घालतात आणि त्यांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी आजारी पडतात म्हणून अमेरिकेत चार इंचांहून लहान कासव पाळायला विकण्यावर 1975 पासून बंदी आहे. बाहेर पाठवायला मात्र मुभा! त्यामुळे जे पिल्लू तिकडच्या दुकानात ठेवता येत नाही, ते इकडे आपल्याला ‘गिफ्ट आयटम’ म्हणून मिळतं.

बरं, मग भारतातलंच एखादं कासव आणू, असा स्वदेशी विचार मनात आला असेल तर तिथेच थांबा. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव फेंगशुई, वास्तू, बरकत असल्या नावांखाली कुजबुजत विकलं जातं. तलावातली मऊ पाठीची, छपराच्या आकाराची अशी आपली गोड्या पाण्यातली कासवंही अधूनमधून दिसतात. ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. स्टार कासव तर आता पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या यादीतला प्राणी घरात सापडला तर शिक्षा तीन ते सात वर्षांची. बरकत वगैरे जामीन झाल्यावर बघता येईल. कासव घरात असणं शुभ वाटतच असेल तर महादेवाच्या देवळात नंदीजवळ जमिनीत कोरलेलं असतं त्याला नमस्कार करावा. ते काही खातही नाही.

म्हणजे उरला स्लायडर. त्यावर माझं मत स्पष्ट आहे : पिल्लू विकत घेऊ नका. कुणाच्या तरी घरी नकोसं झालेलं मोठं कासव घ्या. अशी कासवं किती आहेत याचा अंदाज हवा असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज टाकून बघा. कुणाची ऑनसाइट पोस्टिंग झालेली असते, कुणाकडे बाळ येणार असतं, कुणाला तो वास सहन होत नाही. बंड्याही असाच आला. आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं कॅनडाला निघालं आणि जाण्याच्या चार दिवस आधी नवरा म्हणाला, ‘नाहीतर सोडतो तळ्यात, काय!’

हे ‘सोडतो तळ्यात’ प्रकरण भयंकर आहे. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. पण जगातल्या सर्वात वाईट शंभर आक्रमक जातींची जी यादी आययूसीएनच्या तज्ज्ञांनी केलीय, तिच्यात हा लाल कानवाला आहे. तो खादाड आहे, चिवट आहे. ऊन शेकायची जागा आणि खाणं यासाठी तो इथल्या कासवांना हुसकावतो आणि बरोबर आपले आजारही नेतो. युरोपीय संघाने त्याची आयात 1997 मध्येच थांबवली. आपल्याकडे देवळांच्या तळ्यांत आणि शहरांतल्या तलावांत तो आता दिसायला लागलाय. कुणी पोहत गेलेला नाही तिथे, आपणच नेऊन सोडलेत.

मोठं कासव घेण्याचा दुसरा फायदा म्हणजे माल तपासून घेता येतो. डोळे उघडे आणि स्वच्छ हवेत. सुजून मिटलेले डोळे म्हणजे बहुतेक वेळा व्हिटॅमिन एची कमतरता. नाकातून बुडबुडे नकोत. पाठ टणक हवी, बोटाने दाबून बघा. मोठ्या कासवाची पाठ दबत असेल तर हाडं कमकुवत झालीत. उचलल्यावर पाय झाडायला हवेत, हातात वजन लागायला हवं. आणि पाण्यात सोडून पाच मिनिटं बघाच. एका बाजूला कलून पोहत असेल तर फुप्फुसात इन्फेक्शन असण्याची शक्यता असते, मग घरी नेण्याआधी डॉक्टर. डॉक्टरही कुत्र्या-मांजरांवाला नव्हे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणारा शोधायचा. नर की मादी तेही मोठेपणीच कळतं : नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक आणि शेपूट जाड. बंड्याची नखं आखूड आहेत, शेपूट बारीक आहे आणि पाठ आठ इंच. म्हणजे बंड्या बाई आहे. आधीच्या घरी सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नाव आम्ही बदललं नाही.

आता घराचा प्रश्न. त्यांच्या घराचा, आपल्याला कोण विचारतो! ढोबळ हिशोब असा की पाठीच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी. आठ इंचांच्या बंड्याला तीनशे वीस लिटर झालं. म्हणजे चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच अशी टाकी, आणि ती पाऊण भरायची, कारण काठोकाठ भरली तर पाहुणा रात्री हॉलमध्ये फिरायला निघतो. या पाऊण टाकीत तीनशे चाळीस किलो पाणी बसतं, वर काच आणि स्टँड. घरमालक कितीही देवमाणूस असो, हा आकडा त्याला आधी सांगा. टाकी भिंतीला लागून, बीमच्या वर येईल अशी ठेवायची. इमारत जुनी असेल तर आधी सोसायटीच्या इंजिनीअरला विचारायचं.

काचेची टाकी परवडत नसेल तर मोठा, खोल प्लॅस्टिकचा टब घ्या. माझ्या मते तो जास्त चांगला. फोटो चांगले येत नाहीत एवढंच. आमचा टब बाल्कनीत आहे. वर कावळे आणि मांजरांसाठी जाळी, अर्ध्या भागावर शेडनेट. याचं कारण ऊन. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्लायडरला पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं होऊन शेकायला लागतं. उन्हातले यूव्हीबी किरण अंगावर पडले की शरीरात व्हिटॅमिन डी-3 तयार होतं, ते असलं तर कॅल्शियम पचतं, आणि कॅल्शियम पचलं तर पाठ टणक राहते. ही साखळी तुटली की पाठ मऊ पडते, वेडीवाकडी होते. आणि खिडकीची काच हे यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते! ‘आमच्याकडे खिडकीतून मस्त ऊन येतं’ म्हणणाऱ्यांचं कासव दिवसभर उन्हात बसूनही उपाशीच राहतं म्हणायचं. थेट ऊन येत नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब लावावी लागते, साधा पांढरा एलईडी चालत नाही. ती शेकायच्या जागेपासून फूटभरावर, मध्ये काच नको, आणि सहा महिने ते वर्षभरात बदलायची, कारण उजेड येत राहतो पण यूव्हीबी संपलेलं असतं. शेकायची जागा तीस-बत्तीस डिग्री, पाणी चोवीस ते सव्वीसच्या आसपास. मुंबईत पाण्याची काळजी नाही, पुण्याच्या डिसेंबरात मात्र हीटर लागतो, आणि त्याला जाळीचं कव्हर लागतं कारण ही मंडळी हीटर फोडतात. उलट एप्रिलमध्ये छोटी काचेची टाकी थेट उन्हात ठेवलीत तर तासाभरात सूप. सावली हवीच.

फिल्टर माशांचा चालणार नाही. कासव खातं पाण्यात, गिळायलाही त्याला पाणीच लागतं, आणि बाकीचे सगळे विधीही तिथेच. टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा कॅनिस्टर फिल्टर घ्या आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. तळाला रंगीत खडे टाकू नका, गिळतात.

खाण्याचं सोपं आहे. पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड कासवांचे पेलेट्स, त्याच्या डोक्याएवढ्या आकाराचा ढीग होईल इतकेच. बाकी हिरवं : लेट्यूस, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस. डबीत मिळणारी ती वाळकी, सुकटीसारखी कोलंबी म्हणजे चखणा, जेवण नव्हे. टाकीत समुद्रफेनाचा तुकडा टाकून ठेवा, कॅल्शियमसाठी कुरतडत बसतात. भात, ब्रेड, पनीर बंद.

हात लावला की साबणाने हात धुवायचे, टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर कासवाचा विचार तूर्त सोडून द्यायचा.

एवढं वाचून ज्यांनी मन बदललं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, खरंच. ज्यांच्याकडे आधीच कासव आहे आणि झेपत नाहीये त्यांनी तळ्याचा रस्ता धरू नये. चार ओळखीच्यांना विचारा, एखाद्या प्राणी-बचाव संस्थेला गाठा. भारतीय जातीचं कासव कुठे विकताना किंवा कुणाच्या घरी दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाचा हेल्पलाइन नंबर आहे 1926.

आणि जे अजूनही ठाम आहेत त्यांनी रूममेटला आत्ताच विचारून ठेवा. मोठं, निरोगी कासव लाँग वीकेंडला तीन-चार दिवस न खाता आरामात राहतं. ट्यूबला टायमर लावला आणि फिल्टर चालू राहिला की झालं. पण दिवाळीत दोघीही आठवडाभर गावी जाणार असाल तर कुणीतरी दार उघडून पेलेट्स टाकायला हवेत. आमच्याकडे हे काम समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त काका करतात. बंड्या त्यांना ओळखते, ते आले की पोहत टबाच्या कडेला येते. मी आले की मात्र बुडी मारते.