सहलीचे तिकीट : आधी हिशेब, मग हौस

मुलांना मोठे पाळणे दाखवण्याची हौस गैर नाही; त्यासाठी व्याजाने पैसे काढणे गैर. आठवडाभर हैदराबादला जायचे तर रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हाच करा. ५ ते १२ वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ न घेतल्यास निम्मे भाडे, घेतल्यास पूर्ण. वंडरलात मुलांचे तिकीट उंचीवर ठरते. ८५ सेंटिमीटरखाली फुकट. घरीच टेप लावून मोजा. शनिवार-रविवार टाळा, दर कमी पडतो. रोज महागडे तिकीट कशाला? पाळण्यांना एक दिवस पुरे. गोवळकोंडा किल्ल्यात १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, हुसेनसागरचा काठ फुकट. परतल्यावर शाळेची फी शिल्लक राहिली, तीच स्वस्त सहल!